पत्नीसाठी १२५ सीसीनंतरची मोटरसायकल कोणती? रोजचा पाटण रस्ता आणि कुंभार्ली घाट

कोयनाकाठ (कराड):

नमस्कार. माझ्या पत्नीसाठी मोटरसायकल घ्यायची आहे आणि त्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. ती पाटण तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका असून गेली अनेक वर्षे होंडा शाइन १२५ चालवते. तिला स्कूटर कधीच मानवली नाही, कारण आमच्या भागातल्या रस्त्यांवर लहान चाकांना खड्डे फार जाणवतात. शाइनने तिची सेवा उत्तम केली आहे, परंतु आता तिच्या गरजा त्या गाडीच्या पलीकडे गेल्या आहेत.

कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे, ऊसतोडणीच्या हंगामात कराड-पाटण रस्त्यावर एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर सतत असतात आणि समोरून वाहन येण्याआधी त्यांना पार करायचे असेल, तर १२५ सीसीची ताकद अपुरी पडते. दुसरे म्हणजे, तिचे माहेर चिपळूणला आहे आणि पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, पोफळी असा प्रवास आता तिला स्वतःच्या गाडीवर करायचा आहे. कधी एकटीने, तर कधी आमच्या बारा वर्षांच्या मुलीला मागे बसवून.

तिची उंची पाच फूट दोन इंच आहे आणि वजन पंचावन्न किलोच्या आसपास. लांब प्रवासानंतर तिची कंबर दुखते. माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ती सरळ रस्त्यावर व्यवस्थित चालवते, परंतु आमच्या गल्लीत ती वळवून लावायची वेळ आली की माझ्या हातात देते. १९५ किलोची गाडी थांबता थांबता एका बाजूला कलली, तर सावरता येईल की नाही, ही शंका तिच्या मनातून जात नाही. म्हणून तिची अट अशी आहे की गाडी ताकदवान असली तरी अंगावर येणारी नसावी, आणि बसायला आरामदायी असली तरी वळणांवर जड नसावी.

अंदाजपत्रक ऑन-रोड अडीच लाखांपर्यंत आहे. रॉयल एनफिल्डच्या हंटर ३५० आणि मिटिऑर ३५०, होंडा हायनेस सीबी ३५०, टीव्हीएस रोनिन आणि ट्रायम्फ स्पीड ४०० ही नावे आम्ही काढली आहेत. मिटिऑरची सीट सर्वांत खाली असल्याने कंबरेसाठी आणि उंचीसाठी तीच घ्यावी, असे मला वाटते. पत्नीला ते पटलेले नाही, पण नेमके का पटत नाही हे तिला सांगता येत नाही. सीटच्या उंचीचा आकडा कितपत धरून चालावा आणि ३५० घ्यावी की ४००, या दोन प्रश्नांवर विशेष मार्गदर्शन करावे.


घाटमाथा (कोल्हापूर):

नमस्कार. आपण दिलेली माहिती नेमकी आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. सीटच्या उंचीपासूनच सुरुवात करतो, कारण पाच फूट दोन इंच उंचीच्या व्यक्तीसाठी गाडी निवडताना बहुतेक जण तिथेच फसतात.

वहिनींच्या शाइनची सीट जमिनीपासून ७९१ मिलिमीटरवर आहे. नव्या हंटरची ७९० आहे, स्पीड ४०० चीही ७९० आहे, रोनिनची ७९५ आणि हायनेसची ८००. म्हणजे कागदावर पाहिले तर या गाड्यांमध्ये आणि त्यांच्या आजच्या गाडीत एका सेंटिमीटरचाही फरक नाही. तरीही हंटरवर बसल्यावर त्यांचे पाय शाइनइतके सहज टेकणार नाहीत. शाइनची सीट आणि टाकी अरुंद आहे, त्यामुळे मांड्या जवळजवळ सरळ खाली उतरतात. मोठ्या गाडीची टाकी रुंद असते, सीटचा पुढचा भागही रुंद असतो आणि मांड्या फाकल्या की तेवढी लांबी बाजूला खर्ची पडते. म्हणून सीटची उंची आणि सीटच्या पुढच्या टोकाची रुंदी हे दोन्ही मिळून पाहावे लागते. हा दुसरा आकडा कोणतीही कंपनी छापत नाही, तो बसूनच कळतो. त्यातही माणसाच्या एकूण उंचीपेक्षा पायांची लांबी महत्त्वाची असते. सारख्याच उंचीच्या दोन व्यक्तींपैकी एकीचे तळवे पूर्ण टेकतात आणि दुसरीच्या टाचा वर राहतात, हे कोणत्याही शोरूममध्ये दिसेल.

आता वजन. शाइन ११३ किलोची आहे. हंटर आणि हायनेस प्रत्येकी १८१, मिटिऑर १९१, रोनिन १६० च्या आसपास. एकदम जवळजवळ पन्नास ते ऐंशी किलोंची वाढ आहे आणि ती चालत्या गाडीवर फारशी जाणवत नाही. ती जाणवते ती तीन ठिकाणी: स्टँडवरून गाडी उचलताना, उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना आणि चालण्याच्या वेगाने वळवताना. वहिनी क्लासिक सरळ रस्त्यावर चालवतात आणि गल्लीत देऊन टाकतात, हे अगदी स्वाभाविक आहे. त्यात कौशल्याची कमतरता मुळीच नाही. वेगात चाके गाडीला तोलून धरतात, थांबताना तो भार माणसावर येतो.

चपळपणाचे गणित वजनाइतकेच दोन चाकांमधल्या अंतरावर आणि चाकाच्या आकारावर अवलंबून असते. हंटरच्या दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर १३७० मिलिमीटर आहे, स्पीड ४०० चे १३७७ आणि रोनिनचे १३५७. क्लासिकचे १३९०, मिटिऑरचे १४००, तर हायनेसचे १४४१ आहे. हंटर, रोनिन आणि स्पीड या तिन्ही गाड्यांना पुढेमागे सतरा इंची चाके आहेत, तर क्लासिक, मिटिऑर आणि हायनेस यांचे पुढचे चाक एकोणीस इंची आहे. मोठे चाक खड्डा सहज ओलांडते, परंतु वळायला सावकाश असते. कुंभार्लीच्या तीव्र वळणांवर, जिथे वळण संपायच्या आत पुढचे वळण सुरू होते, तिथे सतरा इंची चाकांची आखूड गाडी हाताला स्पष्टपणे हलकी लागते. वहिनींना मिटिऑर का पटत नाही, याचे उत्तर बहुधा इथेच आहे. तिची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे हे खरे, पण खाली बसणे आणि सहज वळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

माझे मत विचाराल तर हंटर किंवा रोनिन. हायनेस ही अतिशय गुळगुळीत चालणारी, सुबक गाडी आहे आणि महामार्गावर तिच्यासारखे स्थैर्य कमी गाड्यांत मिळते. तथापि तिचा लांबोडा बांधा त्यांच्या अटीत बसत नाही.


स्पॅनर_आणि_ग्रीस (सांगली):

माझे गॅरेज आहे आणि यांतल्या बहुतेक गाड्या माझ्या हाताखालून जातात, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो.

रॉयल एनफिल्डचे हे ३४९ सीसीचे इंजिन २०२० साली मिटिऑरबरोबर आले आणि पुढे क्लासिक व हंटरमध्येही बसवले गेले. जुन्या बुलेटच्या इंजिनाशी त्याची तुलना करू नये. त्यात बॅलन्सर शाफ्ट असल्यामुळे हाताला मुंग्या आणणारी थरथर पुष्कळ कमी झाली आहे. ताकद २० बीएचपीच्या थोडी वर आहे, म्हणजे आकड्यात फार नाही. परंतु २७ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ४००० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो. घाटात याचाच उपयोग होतो. वळणातून बाहेर पडताना गिअर न बदलता गाडी ओढून नेते. रोनिनचे इंजिन २२६ सीसीचे असून टॉर्क २० न्यूटन मीटरच्या आसपास आहे, पण तोही ३७५० आरपीएमला मिळतो आणि गाडी वीस किलोंनी हलकी आहे, त्यामुळे एकट्या माणसाला फरक विशेष जाणवत नाही. मागे मुलगी आणि सामान असेल, तर मात्र चढावर हंटरचा गिअर रोनिनपेक्षा कमी वेळा खाली आणावा लागतो.

स्पीड ४०० ची गोष्ट निराळी आहे. चाकणला तयार होणारी ही गाडी ४० पीएसची (बीएचपीसारखेच ताकदीचे माप) आहे, म्हणजे शाइनच्या जवळजवळ चौपट. ट्रॉल्या पार करायला तिच्याइतकी समर्थ गाडी आपल्या यादीत दुसरी नाही आणि तिचा क्लचही हलका आहे. तरी शाइनवरून थेट तिच्यावर जाताना पहिले काही महिने उजव्या हाताला फार जपावे लागते. दुसऱ्या गिअरमध्ये खड्डा चुकवताना नकळत मूठ फिरली, तर शाइन थोडीशी पुढे सरकते. स्पीड झेप घेते. वहिनींना वेगाची हौस असेल तर अवश्य घ्यावी. आपल्या पत्रात मात्र तसे कुठे दिसले नाही.

क्लचकडे लक्ष द्या, कारण शोरूममध्ये याची चौकशी कुणी करत नाही. कोल्हापूर नाक्यावरच्या गर्दीत किंवा चढावर ट्रकमागे अडकल्यावर हाफ क्लचवर गाडी धरताना मनगट भरून येते. २०२५ मध्ये सुधारलेल्या हंटरला स्लिप-असिस्ट क्लच मिळाला आहे, त्यामुळे लीव्हर पूर्वीपेक्षा पुष्कळ हलका झाला. सेकंडहँड किंवा उरलेला जुना साठा स्वस्तात मिळत असेल, तरी या एका कारणासाठी नवीच घ्यावी. त्याच वेळी मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगाही बदलल्या आहेत आणि गाडीचे पोट जमिनीपासून १६० मिलिमीटरवर आले आहे. आधी ते १५० होते. गतिरोधक म्हणून मुरमाचे ढीग टाकलेले रस्ते ज्यांच्या नशिबी आहेत, त्यांना या एका सेंटिमीटरचे मोल कळते.

हंटरचा तारांच्या चाकांचा मूळ प्रकार घेऊ नये. त्यात ट्यूब असते आणि मागे ड्रम ब्रेक. अलॉय चाकांच्या प्रकारात ट्यूबलेस टायर, मागे डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) मिळते. कोयनानगरच्या पुढे जंगलात पंक्चर झाले, तर ट्यूबलेस टायर हवा धरून हळूहळू खाली नेतो; ट्यूब जागेवर बसवते. रोनिनमध्येही खालच्या प्रकारात एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते, म्हणून तिथेही वरचाच प्रकार घ्यावा. पावसाळ्यात घाटात पडलेला पाला आणि शेवाळ यांवर मागचे चाक आधी सुटते.

उंचीबद्दल एक उपाय सांगून ठेवतो. मागच्या स्प्रिंगचा ताण बहुधा साठ-सत्तर किलोंच्या चालकाला धरून ठेवलेला असतो. पंचावन्न किलोंचे माणूस बसले की गाडी तितकी दबत नाही आणि सीट उंचच राहते. ताण सर्वांत खालच्या खाचेवर आणला की थोडा फरक पडतो आणि खड्डेही मऊ लागतात. मुलगी मागे बसणार असेल त्या दिवशी तो दोन खाचा वाढवावा. एवढे करूनही पाय टेकत नसतील, तर चांगल्या सीटवाल्याकडून सीटच्या पुढच्या भागाच्या कडा तासून घ्याव्यात. मधला फोम कमी करू नये, नाहीतर कंबरेचे दुखणे वाढेल. पुढचा फोर्क वर सरकवून किंवा मागे लहान शॉकअप टाकून गाडी खाली आणण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नये. त्याने गाडीचे वळणे बिघडते, पोट गतिरोधकाला घासते आणि साइड स्टँडवर गाडी सरळ उभी राहिल्याने ती पडण्याची भीती असते.


वाटसरू_मी (पुणे):

मी स्वतः पाच फूट एक इंच उंचीची आहे आणि १५० सीसीवरून ३५० वर आले आहे, त्यामुळे ताईंची अडचण मला आतून माहीत आहे. वरची दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. त्यांत राहून गेलेले थोडे लिहिते.

कंबरेसाठी मिटिऑरसारखी क्रूझर चांगली, हा समज फार पसरलेला आहे. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो. गुळगुळीत महामार्गावर ते सुखाचे असते. परंतु खड्डा आला की त्या स्थितीत पायांवर जोर देऊन शरीर क्षणभर उचलता येत नाही आणि धक्का थेट मणक्यात जातो. फूटरेस्ट साधारण गुडघ्यांखाली असतील, पाठ किंचित पुढे झुकलेली असेल आणि हँडल हाताच्या सहज टप्प्यात असेल, तर धक्का यायच्या आधी पायांवर उभे राहता येते. कुंभार्लीच्या रस्त्यासाठी हीच बैठक योग्य आहे. कमी उंचीच्या स्त्रियांचे हातही तुलनेने आखूड असतात, म्हणून हँडल दूर असेल तर आपण नकळत पुढे ओढल्या जातो आणि दोन तासांत खांदे व कंबर दोन्ही बोलू लागतात. ताईंनी गाडीवर बसून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून पाहावे. बाहेरच्या बाजूचा हात ताणला जाऊन खांदा पुढे जात असेल, तर ते हँडल त्यांच्यासाठी नाही.

दोन्ही तळवे पूर्ण टेकलेच पाहिजेत, असा आग्रह धरू नये. एक तळवा पूर्ण आणि दुसऱ्या पायाचा चवडा टेकला तरी पुरे. थांबताना डावा पाय खाली आणि उजवा मागच्या ब्रेकवर, ही सवय पक्की असली की चढावर गाडी मागे घसरत नाही. कुठे थांबायचे ते आधी पाहून ठेवावे. पाय पडणार तिथे खड्डा, खडी किंवा उतार नसावा. उंच माणसाला याचा विचार करावा लागत नाही, आपल्याला करावा लागतो, आणि थोड्याच दिवसांत तो अंगवळणी पडतो.

टेस्ट राइडच्या वेळी शोरूमचा माणूस गाडी चालू करून रस्त्याकडे तोंड करून देतो आणि सरळ जाऊन या म्हणतो. त्यातून काही कळत नाही. गाडी बंद असतानाच ती साइड स्टँडवरून उचलून पाहावी, दहा पावले ढकलावी, मागे ओढावी. नंतर मोकळ्या जागेत पहिल्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकला हलका स्पर्श ठेवून, उजवीकडे आणि डावीकडे पूर्ण यू-टर्न घ्यावा. अनेकींना एकच बाजू सहज जमते. ज्या गाडीवर दोन्ही बाजूंची वळणे मान न आखडता घेता आली, ती गाडी जवळपास ठरलीच असे समजावे. शाळेत जाताना जे बूट किंवा सँडल घालतात तेच घालून जावे आणि ओढणीसाठी साडीगार्ड बसते का तेही विचारावे.

आणि कोयनाकाठ, एक आग्रहाची विनंती. आपण काळजीने विचारता आहात हे स्पष्ट दिसते, पण मिटिऑर त्यांना का नको हे त्या गाडीवरच सांगू शकतील. टेस्ट राइडला त्यांना पुढे होऊ द्या आणि आपण शोरूमच्या आत बसा. शेजारी उभे राहून कुणी पाहत असेल तर आपण जपून वळतो आणि खरे काय वाटते ते कळत नाही.


हिशेबी (ठाणे):

३५० की ४०० या प्रश्नाला पैशांची बाजूही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्या ४० टक्क्यांच्या गटात गेल्या. त्यामुळे ३४९ सीसीच्या गाड्या आणि रोनिन खालच्या गटात आहेत. ३९८ सीसीची स्पीड वरच्या. विम्यातही हीच रेषा आहे. तृतीय पक्ष विम्याचा २०२२ च्या दरपत्रकातला वार्षिक हप्ता १५० ते ३५० सीसीसाठी १३६६ रुपये आणि त्यावरच्या गाड्यांसाठी २८०४ रुपये होता, शिवाय नव्या गाडीला हा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. अडीच लाखांत गाडी, हेल्मेट, जॅकेट आणि लेगगार्ड सगळे बसवायचे असेल, तर ३५० च्या आत राहणे श्रेयस्कर.


चिपळूणची_लेक (कराड):

नमस्कार. ज्यांच्यासाठी हा प्रश्न विचारला गेला, ती मीच. आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पुण्याच्या ताईंचे म्हणणे ऐकून मी चारही गाड्या स्वतः पाहून आले. स्पीड ४०० कडे मी वळले नाही, कारण मला ट्रॉली पार करण्यापुरती ताकद हवी आहे आणि हिशेबही पटला.

मिटिऑरवर पाय सपाट टेकले आणि उभ्या गाडीवर मला फार निर्धास्त वाटले. परंतु पाय पुढे ठेवून वळताना गाडी गुडघ्यांनी धरता येत नाही, ती कमरेखाली कुठेतरी लांबवर वळते आहे असे वाटत राहते. आजवर मनात असलेले पण सांगता न येणारे ते हेच होते. घाटात मी वळणावर टाकीला गुडघे दाबून बसते. ती सवय मला सोडायची नाही. हायनेसचा आवाज आणि संथपणा मनात भरला, क्लच तर दोन बोटांत येतो, पण यू-टर्नला मला दोनदा पाय टेकावा लागला.

हंटरवर डावा तळवा पूर्ण आणि उजवा चवडा टेकला. गाडी वळायला विलक्षण सोपी आहे, हे घाटमाथा यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. दोन्ही बाजूंचे यू-टर्न पहिल्याच फेरीत आले. तिसऱ्या गिअरमध्ये वेग कमी झाल्यावरही ती कुरकुर न करता पुढे जाते, आणि माझ्या रस्त्यासाठी हे मोठे सुख आहे. अडचण एकच आली, ती गाडी मागे ओढताना. आमच्या शाळेचे आवार रस्त्यापेक्षा खाली आहे. शाळा सुटल्यावर गाडी उताराच्या टोकाला असते आणि तिथून ती चढावर मागे ओढून मग वळवावी लागते. शोरूमच्या उतारावर तेच करून पाहिले, तर हंटर हलली, पण माझा सगळा जोर लागला. पावसात चिखल असेल तेव्हा हे रोज जमेल असे मला वाटत नाही.

रोनिनवर तोच प्रयोग केला आणि ती आली. वीस किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. त्या उतारावर तो किरकोळ नव्हता. वळणांवर ती हंटरइतकीच तयार आहे, सीट हाताच्या चार बोटांएवढी जास्त रुंद वाटली, मात्र पुढचे टोक निमुळते असल्यामुळे पाय हंटरसारखेच टेकले. मुलीला मागे बसवून मलकापूरच्या पुलाच्या चढावर नेली, तेव्हा चौथ्यातून तिसऱ्यात यावे लागले. मला त्याचे काही वाटले नाही, शाइनवर तर मी दुसऱ्यात येते.

म्हणून माझा कल रोनिनकडे आहे. यांचे म्हणणे असे की उताराची अडचण रोजची दोन मिनिटांची आहे आणि घाट तासाचा, तेव्हा घाटाला धरून हंटर घ्यावी. मला वाटते, जी गोष्ट रोज करायची तिला महत्त्व द्यावे. सांगलीच्या काकांनी यावर आपले मत द्यावे. मुलगी आणि दोन पिशव्या घेऊन कुंभार्ली चढताना रोनिनच्या इंजिनावर वाईट परिणाम होईल का?


स्पॅनर_आणि_ग्रीस (सांगली):

वाईट परिणाम होणार नाही. इंजिनाचे नुकसान चढामुळे होत नाही. उंच गिअरमध्ये कण्हत नेण्यामुळे होते. गाडी धडधडू लागायच्या आधी गिअर खाली आणला आणि आरपीएम मधल्या पट्ट्यात ठेवले की २२६ सीसीला आपला भार मुळीच जड नाही. तिला ऑइल कूलर आहे, त्यामुळे सावकाश चढतानाही तापमान आटोक्यात राहते. आपण आजवर १२५ वर घाट चढत आलात, म्हणजे गिअरचा अंदाज आपल्याला आहेच.

रोजच्या उताराचा विचार योग्य आहे. जी गाडी लावताना धास्ती वाटते, ती हळूहळू घरीच राहते आणि जुनीच वापरली जाते, हे मी गॅरेजमध्ये पुष्कळ पाहिले आहे. तसेच शाळेच्या आवारात गाडी आत नेतानाच वळवून, तोंड रस्त्याकडे करून लावता येते का तेही पाहावे; तसे जमले तर हंटरचाही पर्याय खुला राहील.

कोणतीही घेतलीत तरी पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने चालवू नये, वेग कमीजास्त करत राहावा आणि मूठ पूर्ण पिळू नये. चिपळूणचा पहिला फेरा पहिल्या सर्व्हिसिंगनंतर, ऑइल बदलून झाल्यावर करावा. नव्या टायरवर मेणासारखा गुळगुळीत थर असतो, तो पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये कोरड्या रस्त्यावर घासून जाऊ द्यावा आणि तोवर वळणावर गाडी फार झुकवू नये. ताबा घेण्याच्या दिवशी मागच्या स्प्रिंगचा ताण, क्लचच्या लीव्हरची मोकळीक आणि मागच्या ब्रेकच्या पेडलची उंची या तीन गोष्टी आपण गाडीवर बसलेल्या असताना, आपल्या रोजच्या सँडलवर, मेकॅनिककडून जुळवून घ्याव्यात. पेडल उंच राहिले तर पाय सतत वर उचलून धरावा लागतो आणि घाटात पोटरी भरून येते.


चिपळूणची_लेक (कराड):

धन्यवाद, काका. तोंड रस्त्याकडे करून गाडी लावण्याचा प्रयत्न आज शाइनवर करून पाहिला. दुपारच्या सुट्टीत पोषण आहाराचा टेम्पो तिथेच उभा राहतो, त्यामुळे वळायला जागा उरत नाही. रोनिनचा वरचा, दोन्ही चाकांना एबीएस असलेला प्रकार आम्ही आज संध्याकाळी नोंदवत आहोत. शाइन विकणार नाही; यांच्या बहिणीला गाडी शिकायची आहे, तिच्यासाठी ठेवत आहोत.